गार सुपावरची वाफ

डोंगरावरच्या त्या हॉटेलात संध्याकाळच्या जेवणाला प्रत्येक टेबलावर एक कार्ड उभं केलेलं असायचं. तळहाताहून थोडं मोठं, जाड कागदाचं. वर रंगीत चित्र आणि खाली त्या दिवसाच्या पदार्थांची टाइप केलेली नावं. जेवण उरकलं की पाहुणे हात पुसायचे, इकडंतिकडं बघायचे आणि कार्ड हळूच खिशात किंवा पर्समध्ये सरकवायचे. चमचा उचलला तर चोरी, कार्ड उचललं तर आठवण! इतक्या वर्षांनी आता ती कार्डं जुन्या वस्तूंच्या दुकानांत काचेच्या चौकटीत बसून विकायला असतात. हौशी माणसं ती गोळा करतात. चित्राखाली सही कुठंच नाही. "कुणीतरी मोठा चित्रकार असणार, उन्हाळ्यात हवा खायला येत असणार," असं दुकानदार बिनदिक्कत ठोकून देतात.

चित्रं काढणारी बाई वर्षाचे बाराही महिने तिथंच राहायची, आणि तिची नोकरी इस्त्रीची होती.

ती डोंगराच्या पायथ्याच्या गावातली. वडील मातीच्या भांड्यांवर पानंफुलं रंगवायचे. ती आणि तिची धाकटी बहीण वडिलांच्या दोन बाजूंना बसून फुटक्या भांड्यांवर हात चालवायच्या. मोठी झाली आणि हॉटेलच्या बॉयलरवाल्याची बायको होऊन वर आली. बॉयलरवाला सालस माणूस. अंगाला कायम धुराचा वास, पण तोंडातून कधी वाकडा शब्द नाही. छातीच्या दुखण्यानं तो गेला तेव्हा त्यांची चिमी नुकती कुठं बोलायला लागली होती. हॉटेलवाल्यांनी एवढं केलं, की तिला घालवून दिलं नाही. धोबीखान्यामागची खोली तिच्याकडं राहिली आणि इस्त्रीचं काम मिळालं. त्या दिवसापासून सगळ्यांची ती इस्त्रीबाई झाली.

इस्त्रीची खोली लांबट होती. मधोमध जुन्या घोंगड्या गुंडाळलेलं लांबलचक टेबल, कोपऱ्यात शेगडी, शेगडीवर तापत ठेवलेल्या लोखंडी इस्त्र्या. एक गार पडली की दुसरी उचलायची. खोलीला सदानकदा खळीचा आणि ओल्या सुताचा वास. एकच खिडकी होती आणि ती अंगणात उघडायची. अंगणापलीकडं हॉटेलचं स्वयंपाकघर. मात्र तिथं जायची धोबीखान्यातल्या लोकांना बंदी होती. कपड्यांचे धागे अन्नात पडतात म्हणे. जेवणाच्या दालनात जायचा तर प्रश्नच नव्हता. नोकरमाणसांचं जेवण मागच्या पडवीत. उकडलेले बटाटे, पाव, डाळ, आणि मॅनेजरची स्वारी खूश असली तर अंडं.

मॅनेजर काटकुळा, केस डोक्याला चिकटवून बसवलेले, टापटिपीचा एवढा भोक्ता की स्वप्नातसुद्धा उशीचा अभ्रा नीट करत असेल. त्या वर्षी ऐन हंगामात वरच्या वळणावर दरड कोसळली आणि रस्ता बंद झाला. पाहुणे वर अडकले, शहरातून येणारा माल खाली अडकला. पीठ होतं, लोणी होतं, पण छापील कार्डं संपली. दरडीचं मॅनेजरला एवढं दुःख नव्हतं, जेवढं उघड्याबोडक्या टेबलांचं होतं. अशा अवस्थेत तो नॅपकिनांची घडी तपासायला म्हणून इस्त्रीच्या खोलीत शिरला आणि भिंतीपाशी थबकला. भिंतीवर खालच्या बाजूला, लहान पोराच्या डोळ्यांच्या उंचीवर, पुठ्ठ्याचे तुकडे टाचलेले होते. कोंबडी, ससा, शेपटी वळवलेला मासा, छत्री घेतलेला बेडूक.

"हे कोणी काढलं?"

इस्त्रीबाई पुठ्ठ्यांच्या आड येऊन उभी राहिली. पुठ्ठे हॉटेलचे होते, नव्या चादरींच्या गठ्ठ्यांतून निघालेले.

"मी. पोरीला खेळायला. टाकाऊच होते हो पुठ्ठे."

"आणि रंग?"

"निळा म्हणजे कपड्यांची नीळ. तपकिरी म्हणजे चहाचं पाणी. लाल बिटाचा."

मॅनेजरनं मासा भिंतीवरून काढला, डोळ्यांजवळ नेला, लांब धरला.

"संध्याकाळपर्यंत सगळ्या टेबलांपुरते होतील?"

"काय, मासे?"

"कार्डं हो! आज मासाच आहे जेवणात. टेबलं मोजकीच आहेत. मी नावं टाइप करून आणतो, तुम्ही वर हे काढा. चादरी उद्या बघू."

'चादरी उद्या बघू' हे वाक्य त्या माणसाच्या तोंडून याआधी कुणी ऐकलं नव्हतं.

तिनं मासा काढला, पण बशीतला नव्हे. ओढ्यातल्या दगडाच्या सावलीला उभा असलेला, पाणी कापत एका जागी स्थिर राहणारा. निळीच्या पाण्याचे दोन-तीन फटकारे, त्यात चहाच्या रंगाची पाठ. प्रत्येक कार्डावर तोच मासा, पण प्रत्येकाचा चेहरा जरासा वेगळा. एकावर तर तो चक्क रागावलेला दिसत होता. त्या संध्याकाळी पाहुणे एकमेकांची कार्डं मागून बघत होते. रस्ता मोकळा झाल्यावर मॅनेजरनं छापखान्याला नको म्हणून कळवलं आणि शहरातून रंगांची पेटी मागवली. पगार तोच राहिला, पण दुपारनंतरची इस्त्री दुसऱ्या बाईकडं सोपवली गेली. इस्त्रीबाईचं नाव मात्र इस्त्रीबाईच राहिलं. नावं एकदा चिकटली की खळीपेक्षा घट्ट बसतात.

रोज दुपारी स्वयंपाकघरातून पदार्थांची नावं यायची आणि ती त्यावरून चित्र काढायची. नासपतीची खीर म्हटलं की फांदीवर वाऱ्यानं झुकलेल्या नासपत्या. भरलेली मशरूम म्हटलं की जंगलात पालापाचोळ्यातून डोकं वर काढणारी छोटी छोटी टोपीवाली मंडळी. बदक म्हटलं की पिल्लांना घेऊन निघालेली बदकीण. हे बघून जेवायचं धाडस पाहुण्यांना कसं होत होतं कोण जाणे! सगळे म्हणायचे, काय कल्पना आहे, ताटातला पदार्थ न दाखवता त्याचं मूळ दाखवायचं!

कल्पना कसली आणि काय. मागच्या दारानं उतरणाऱ्या टोपल्या तिला खिडकीतून दिसायच्या. टोपलीतल्या नासपतीचं पुढं काय होतं, हे तिनं कधी पाहिलंच नव्हतं.

दोनेक हंगाम असे गेले. मग एकदा मोठ्या लोकांची मेजवानी ठरली आणि मॅनेजरनं फर्मान काढलं, "आज जरा ताटातलं काढा. सूप काढा. सुंदर वाडग्यात." नाव आलं होतं काकडीचं सूप. तिनं जीव ओतून वाडगा काढला, त्याला सोनेरी कड दिली आणि वर छान वळणदार वाफ काढली.

जेवणं सुरू होऊन थोडा वेळ झाला असेल नसेल, इस्त्रीच्या खोलीचं दार धाडकन उघडलं. दारात हॉटेलचा मुख्य आचारी. आडवातिडवा माणूस, भुवया अशा की त्यात पेन्सिल अडकावी. स्वयंपाकघरात त्याला सगळे मागून 'भट्टी' म्हणायचे, कारण पेटायला वेळ लागत नसे. लग्नकार्य केलेलं नव्हतं. त्याचं लग्न चुलीशीच लागलंय, असं लोक म्हणत. त्याच्या हातात कार्ड होतं.

"ही वाफ कसली?"

"सुपाची," ती म्हणाली.

"हे सूप गार असतं! बर्फात ठेवून वाढतात! तिकडं एक पाहुणे फुंकर मारून चमचा तोंडात घालताहेत आणि बाकीचे खो खो हसताहेत!"

ती गोंधळली. "गार सूप? मुद्दाम गार?"

"मुद्दाम!"

"आमच्यात त्याला सूप म्हणत नाहीत. वाढायचं विसरलेलं सूप म्हणतात."

आचारी तिच्याकडं बघत राहिला. भट्टी आता भडकणार म्हणून कोपऱ्यातली चिमी टेबलाखाली सरकली. पण त्याचे गाल थरथरले आणि तो हसला. असा हसला की त्याला टेबलाचा आधार घ्यावा लागला. हसू ओसरल्यावर डोळे पुसत म्हणाला, "अहो, पण एकदा खाल्लंत तरी कळतं की नाही गार आहे ते."

ती समोरच्या नॅपकिनाची घडी उलगडून पुन्हा घालू लागली.

"इस्त्रीबाई," आचाऱ्याचा आवाज खाली आला, "तुम्ही कधी खाल्लं नाहीये?"

"पडवीत कुठलं मिळायला?"

"बाकीचं? नासपती? मशरूम?"

"मशरूम टोपलीत बघितलीत."

आचारी निघून गेला. दार मात्र त्यानं हळू लावलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो स्वतः अंगण ओलांडून आला. हातात एक छोटी वाटी, वर तिनंच इस्त्री केलेला नॅपकिन. वाटी त्यानं टेबलाच्या कडेला ठेवली. तिनं वाटीकडं पाहिलं आणि इस्त्री उचलली.

"आचारीबुवा, राग मानू नका. गरिबी आहे, पण उष्ट्याची सवय नाही आम्हाला."

"उष्टं?" त्याच्या भुवया कपाळावर चढल्या. "अहो, भांड्यातून पहिली निघालेली वाटी आहे ही! पाहुण्यांच्या आधीची! मॅनेजरसुद्धा अजून वास घेत फिरतोय."

तिनं इस्त्री परत शेगडीवर ठेवली. मग म्हणाली, "चमचे दोन लागतील. पोरगी आहे."

चिमी टेबलाखालून बाहेर आली.

त्यानंतर रोज दुपारी वाटी येऊ लागली. कधी तेच काकडीचं गार सूप, कधी माशाचा तुकडा, कधी लोण्यात परतलेली मशरूम. आचारी उभ्या उभ्या थांबायचा. चेहरा असा करायचा, जणू रिकामी वाटी परत न्यायला म्हणूनच थांबलाय. चिमी चाटूनपुसून वाटी इतकी स्वच्छ करायची की तो म्हणायचा, "हिला भांडी घासायला ठेवून घेतो." इस्त्रीबाई सावकाश खायची. पहिल्यांदा नासपतीची खीर खाल्ली तेव्हा ती डोळे मिटून बसली आणि डोळे उघडल्यावर म्हणाली, "एवढं असतं होय यात!" आचाऱ्याला वर्षानुवर्षं पाहुण्यांच्या टाळ्या मिळत आल्या होत्या, पण त्या दिवशी तो स्वयंपाकघरात परतला तो शीळ घालत. भट्टी शीळ घालते म्हटल्यावर सगळे जरा लांबूनच वावरले.

आता खरं तर चित्रं आणखी बहरायला हवी होती. झालं उलटंच. पदार्थ कळला, दिसला, म्हणून ती तसाच्या तसा काढू लागली. खीर काढली की खिरीसारखी खीर, वर बदामाचे काप मोजून. मासा बशीत आडवा, बाजूला लिंबाची फोड. चूक काढायला जागा नव्हती. पण टेबलं आवरताना कार्डं जिथल्या तिथं उभी सापडायला लागली. कुणी खिशात घालेना. मॅनेजर कार्ड हातात घेऊन म्हणाला, "हल्ली... नीटनेटकी झालीत हं." त्याच्या तोंडी ही मोठीच स्तुती होती, पण ती ऐकून तिचा चेहरा पडला.

आचाऱ्याच्या कानावरही ते गेलं. तो येऊन रिकाम्या हातांनी दारात उभा राहिला.

"माझ्या वाटीनं तुमचा हात बिघडवला," तो म्हणाला. "पूर्वी तुम्ही मनानं काढायचात. आता ताट बघून काढता. चूक माझी आहे." आणि ती काही बोलायच्या आत तो गेला.

वाटी बंद झाली. तोही यायचा बंद झाला.

आधी तिला वाटलं, बरं झालं, सवय नको. मग तिच्या लक्षात आलं, की दुपार झाली की आपण खिडकीशी जातो आणि अंगणाकडं बघत नसल्यासारखं दाखवत बघतो. चिमीनं विचारलं, "आई, आचारीकाका रुसले?" तर ती खेकसली, "रुसायला ते काय माझे पाहुणे आहेत?" आणि मग स्वतःच्याच खेकसण्याचं तिला वाईट वाटलं.

असे काही दिवस गेले. एकदा सकाळी धोबीखान्यात चादरी पिळायला माणूस कमी होतं, म्हणून ती मदतीला गेली. हौदातलं पाणी डोंगरातून थेट आलेलं, बर्फासारखं. दोन्ही हात कोपरापर्यंत बुडवले आणि तिच्या जिभेवर एकदम ते काकडीचं गार सूप आलं. आणि सुपाच्या मागोमाग आला गावचा ओढा. धाकटी बहीण आणि ती दगडावर बसलेल्या, फ्रॉक गुडघ्यापर्यंत वर खोचलेले, पाय पाण्यात. कोण जास्त वेळ पाय आत ठेवतं याची पैज लागलेली. बहीण हरत आलेली, पण कबूल करत नव्हती; ओठ निळे पडले तरी म्हणत होती, "मला गारच लागत नाहीये मुळी." लग्न होऊन ती बहीण फार लांब गेली होती. वर्षानुवर्षं भेट नव्हती. इस्त्रीबाई हौदाशी तशीच उभी राहिली. शेजारची म्हणाली, "अगं, हात काढ बाहेर, गारठतील!" तेव्हा कुठं ती भानावर आली.

त्याच आठवड्यात काकडीचं सूप पुन्हा आलं. तिनं वाडगा काढला नाही, काकडीही काढली नाही. दोन मुली पाठमोऱ्या काढल्या, दगडावर बसलेल्या, पाय पाण्यात. एकीचे खांदे थंडीनं कानाशी आलेले.

मॅनेजरनं कार्ड उलटसुलट करून पाहिलं. "यात सूप कुठंय?"

"मुलींच्या पायांत."

"काय?"

"सूप खाल्लं की पायांना असं होतं. तुम्हाला नाही होत?"

मॅनेजरनं कार्डं उचलली; दुसरी करायला वेळच नव्हता. पण जाता जाता तो क्षणभर थांबून स्वतःच्या बुटांकडं बघून गेला, हे चिमीनं पाहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी टेबलक्लॉथांचा ढीग इस्त्रीला आला, त्याबरोबर निरोपही आला. टेबलांवर एकही कार्ड उरलं नव्हतं, आणि एक म्हाताऱ्या बाई जाताना मॅनेजरला विचारून गेल्या होत्या, की यातली डावीकडची हरली का?

इस्त्रीबाईनं हातातली इस्त्री शेगडीवर ठेवली. केसांवर हात फिरवला. अंगाला चिकटलेले धागे एक एक करून झटकले, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा ती अंगण ओलांडून स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभी राहिली. आत भांड्यांचा खणखणाट चालला होता. तो एकेका टेबलाशी थांबत गेला आणि शेवटी शांतता आचाऱ्यापर्यंत पोचली. त्यानं वर पाहिलं. हातातला मोठा चमचा तसाच राहिला.

"वाटी का बंद केलीत?" तिनं विचारलं.

"सांगितलं ना. तुमचा हात बिघडत होता."

"हात माझा आहे. बिघडला तर मी बघेन. तुम्ही वाटीचं बघा."

आचाऱ्यानं चमचा खाली ठेवला.

"पाठवतो," आचारी म्हणाला. कान लाल झाले होते, आणि या खेपेला ते चुलीमुळं नव्हतं.

"पाठवू नका," ती म्हणाली. "घेऊन या."

आणि आली तशी ती परत गेली. मागं भांड्यांचा खणखणाट पूर्वीपेक्षा मोठ्यानं सुरू झाला. त्यात कुणीतरी हसल्याचा आणि लगेच कुणालातरी चमचा बसल्याचा आवाज तिला अंगणापर्यंत ऐकू आला.

दुकानांतून ज्या कार्डांसाठी माणसं हटून बसतात, ती सगळी त्यानंतरची. ती आता वाटी खायची, थोडा वेळ गप्प बसायची आणि जिभेनं जिथं नेलं तिथलं काढायची. मधाच्या केकला वडिलांची भांडी रंगवायची शेड आली. उन्हात वाळत घातलेल्या भांड्यांच्या रांगा आणि मधोमध झोपलेलं मांजर. कांद्याच्या सुपाला भांडणानंतर एकमेकींकडं पाठ करून बसलेल्या आई आणि आजी आल्या. तिच्या घरची माणसं अशी रोज परक्यांच्या टेबलावर जाऊन उभी राहायची आणि तिथून कुणाच्या तरी पर्समध्ये बसून लांबलांबच्या गावांना निघून जायची.

एकदा आचाऱ्यानं लाकडाच्या धुरावर शेकलेली मशरूम आणली. तिनं एक तोंडात घातलं आणि चमचा खाली ठेवला. त्या दिवशीच्या कार्डावर एक माणूस उतरला. उंच, जरा वाकलेला, फडक्याला हात पुसत दारातून आत येणारा. मागं बॉयलरचा तांबूस उजेड. आचारी रिकामी वाटी न्यायला म्हणून थांबला होता. त्यानं बराच वेळ चित्र बघितलं.

"हे कोण?"

"चिमीचे बाबा. त्यांच्या कोटाला असाच वास यायचा."

आचाऱ्यानं वाटी उचलली. दारापर्यंत गेला. मग मागं न वळता म्हणाला, "माणूस चांगला दिसतो."

"होता."

"मशरूम अशी पुन्हा करू का कधी?"

"करा," ती म्हणाली. "अधूनमधून करा."

त्यानं ती अधूनमधून केली. कधी करायची, हे त्याला कोण सांगत होतं कुणास ठाऊक, पण तिला हवीशी वाटायची त्याच सुमाराला तो करायचा.

चिमी मोठी झाली, खाली शहरात जाऊन नर्स झाली. तिला पाठवताना आचाऱ्यानं डबा दिला तो एवढा, की बसवाल्यानं विचारलं, हॉटेल हलवताय का? इस्त्रीबाईच्या केसांत पांढरं आलं. आचाऱ्याच्या भुवया मात्र सगळ्यांत शेवटी पिकल्या. लोकांनी त्या दोघांबद्दल बोलायचं तेवढं बोलून घेतलं, कंटाळले आणि दुसऱ्या विषयाकडं वळले. या दोघांचं मात्र एका वाटीच्या पुढं काही सरकलं नव्हतं. तो वाटी आणायचा, ती खायची, दोघं जरा बोलायची. रोजच्या त्या थोड्या वेळात एकेका माणसाचं अख्खं आयुष्य सांगून झालं होतं.

मग हॉटेल विकलं गेलं. मॅनेजरही आता म्हातारा झाला होता. बातमी सांगायला तो स्वतः इस्त्रीच्या खोलीत आला. "नवे लोक फोटो लावणार आहेत म्हणे," तो म्हणाला. "पदार्थांचे. चकचकीत कागदावर." त्यानं टेबलावरची एक सरळ असलेली घडी उगाचच सरळ केली आणि नाक शिंकरत निघून गेला.

दुपारी आचारी आला. त्यालाही कळलं होतं.

"फोटो!" तो म्हणाला. "मग खायचं तरी कशाला? बघूनच ढेकर द्यावी."

तिला हसू आलं, पण ते टिकलं नाही. आचारी वाटी ठेवून उभा राहिला. एरवी तो वाटीकडं बघायचा. आज खिडकीबाहेर बघत होता.

"मी पायथ्याशी एक घर बघितलंय," तो म्हणाला. "लहानच आहे. स्वयंपाकघर तेवढं प्रशस्त."

"छान झालं. तुम्हाला तेच हवं."

"भिंती फार मोकळ्या आहेत पण."

"मग रंगारी लावा एखादा."

"लावायचाच आहे," आचारी म्हणाला. "म्हणून तर विचारतोय."

तिला कळायला जरा वेळ लागला. कळलं तेव्हा ती टेबलाशी बसली आणि वाटी पुढं ओढली. खाऊन झाल्यावर म्हणाली, "या वयात लोक हसतील."

"हसू देत. गार सुपावर वाफ काढलीत तेव्हा नाही का हसले? कुणी मेलं नाही."

चिमीला सांगताना मात्र तिची जीभ अडखळली. "चिमे, ते आचारीकाका आहेत ना, ते म्हणताहेत की..." चिमीनं पुरतं ऐकूनच घेतलं नाही. "आई, मला वाटलं होतं, तुमचं मी शाळेत असतानाच ठरलंय!" आणि मग तिनं आईच्या गळ्यात हात टाकले.

पायथ्याच्या घरात त्यांचं छान बस्तान बसलं. स्वयंपाकघराची एक भिंत तिनं रंगवली, दुसरीवर रोज काहीतरी नवं काढायची आणि पसंत नाही म्हणून पुसायची. रांधायचं सगळं त्यानंच. यात त्याची हौस होती हे खरं, पण दुसरंही कारण होतं. इतकी वर्षं पडवीत जेवल्यामुळं तिला चहा आणि उकडलेले बटाटे यापलीकडं काही करताच येत नव्हतं. हे गुपित घराबाहेर जाऊ द्यायचं नाही, असं त्यांचं ठरलं होतं.

ते फुटलं दुसऱ्या हिवाळ्यात. मागच्या ओल्या पायरीवरून आचारी घसरला आणि उजवा हात मोडून घेतला. हात प्लास्टरमध्ये, गळ्यात झोळी, अंगात कणकण. चिमीला यायला दोन दिवस लागणार होते. इस्त्रीबाईनं त्याला खिडकीपाशी खुर्चीत बसवलं, पायांवर पांघरूण घातलं आणि पदर खोचला.

"मी करते आज सूप. तुम्ही अजिबात उठायचं नाही."

"नुसतं सांगतो इथून..."

"सांगायचंही नाही. मी तुम्हाला कधी सांगितलं का, निळा घाला नि पिवळा घाला म्हणून?"

तो मुकाट बसला. आतून सुरीचे आवाज येत होते, ते ऐकताना त्याची बोटं प्लास्टरमधल्या प्लास्टरमध्ये वळवळत होती. एकदा काहीतरी करपल्याचा वास आला, एकदा "अगं बाई!" असं ऐकू आलं. बऱ्याच वेळानं ती वाडगा घेऊन आली. समोर बसून त्याला एकेक चमचा भरवू लागली. पहिला चमचा त्याच्या तोंडात गेला आणि त्याच्या भुवया किंचित हलल्या.

"मीठ आहे का हो?" तिनं काळजीनं विचारलं. "घातलं की नाही तेच आठवेना."

"आहे."

"बरं आहे ना?"

त्यानं तोंड उघडून दुसरा चमचा मागितला. मग तिसरा. वाडगा संपला. ती म्हणाली, "आणखी आहे भांड्यात," तर म्हणाला, "दे की." दुसरा वाडगाही त्यानं संपवला आणि वर तांब्याभर पाणी प्यायला.

मग ती स्वतःसाठी वाढून घेऊन त्याच्याशेजारी बसली. एक चमचा तोंडात घातला आणि तशीच उठून मोरीकडं पळाली. परत आली तेव्हा डोळ्यांत पाणी होतं, खोकल्याचं की कशाचं ते तिलाही कळत नव्हतं.

"अहो, समुद्र आहे हा! दोनदा घातलंय मी मीठ! दोन वाडगे कसे खाल्लेत तुम्ही?"

"तू विचारलंस, मीठ आहे का. मी म्हटलं, आहे."

"आणि मी 'बरं आहे ना' विचारलं तेव्हा?"

"तेव्हा माझ्या तोंडात सूप होतं," आचारी म्हणाला. "आणि इतक्या वर्षांत मला कुणी भरवलं नव्हतं गं. मध्ये थांबवायचं कसं?"

ती त्याच्या खुर्चीच्या हातावर टेकली आणि त्याच्या डोक्यावर हनुवटी ठेवून बसून राहिली. चिमी आली तेव्हा चुलीवर बटाटे उकडत होते, आणि खुर्चीतून आचारी सांगत होता, "मीठ एकदाच हं." चिमीनं सगळी हकीकत काढून घेतली आणि पुढं आयुष्यभर ती ज्याला त्याला रंगवून सांगत राहिली.